गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज पहिल्यांदा मोजताना

मल्टिमीटर घेतलास हे उत्तम केलंस. बॅटरी बदलायला पैसे घालण्याआधी तीन आकडे बघ.

पहिला, गाडी बंद असतानाचा. सकाळी, स्टार्टर मारायच्या आधी मोज. नवशिके हमखास इथेच चुकतात: गाडी चालवून येतात, लगेच मोजतात, १२.९ व्होल्ट दिसतं आणि खूश होतात. ताज्या चार्जिंगमुळे आकडा फुगलेला असतो. गाडी निदान तीन-चार तास उभी राहू दे. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मा. बारा दिसले म्हणजे ‘बारा व्होल्टची बॅटरी ठीक आहे’ असं मुळीच समजू नकोस, ती जवळपास उतरलेली असते.

दुसरा, इंजिन चालू असताना: साधारण १३.८ ते १४.५. इथेही बारा-साडेबाराच राहिलं तर बॅटरीला दोष देऊ नकोस, आधी अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि त्याचा बेल्ट तपासून घे.

तिसरा, स्टार्टर फिरताना. कुणालातरी चावी फिरवायला सांग. आधी पूर्ण चार्ज असलेली बॅटरी दहाच्या बरीच खाली कोसळली, तर ती थकली आहे.

मीटर डीसी व्होल्टच्या २० वर ठेव. लाल वायर ‘१० ए’च्या भोकात चुकूनही नको, थेट शॉर्ट होईल. आणि टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड (गंज) असेल तर प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) तिच्यावर न टेकवता खालच्या शिशावर टेकव.

सीसीए (थंडीत बॅटरी किती करंट देऊ शकते तो आकडा), लोड टेस्ट (भार टाकून घेतलेली चाचणी) सध्या राहू दे. उद्या सकाळचा आकडा कळव.