'सॉ' या भयपट मालिकेतला सगळ्यात क्रूर सापळा कोणता? ते सापळे रचणारा जिगसॉ खरंच खुनी आहे का?

माझ्या मते सुयांचा खड्डा, इंजेक्शनच्या सुयांनी भरलेला. दुसरा भाग, 2005. जबड्याला लावायचा तो रिव्हर्स बेअर ट्रॅप दिसायला भारी आहे म्हणून सगळे त्याचंच नाव घेतात, पण अमांडा त्यातून सुटते. सुयांचा खड्डा तर तिच्यासाठी नव्हताच. त्यातली किल्ली शोधायची होती झेवियर नावाच्या दुसऱ्या कैद्यानं. त्यानं सरळ अमांडाला उचललं आणि आत फेकलं. नशेच्या सुईतून कशीबशी बाहेर आलेली बाई ती! शूटिंगला खऱ्या सुया काढून टाकल्या होत्या हे माहीत असूनही मला ते दृश्य सलग बघवत नाही.

दुसऱ्या नंबरला तिसऱ्या भागातला रॅक (2006). टिमोथीचे हात, पाय आणि शेवटी मान पिळत नेणारं यंत्र. बाकीचे तुमचे तुम्ही लावा.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की जिगसॉ प्रत्येकाला सुटायची संधी देतो, म्हणून तो खुनी नाही. हे वाचून राहवलं नाही. हेच वाक्य मी बेळगावात, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये ऐकलंय.

माझा मावसभाऊ खानापूरकडचा. त्या शॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होता. प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय रॅम, वरून दाबणारा जड भाग, खाली येऊ नये, म्हणजे हात डायबाहेर, खालच्या साच्याबाहेर राहतात. त्याच्या मशीनचं डावं बटण पाचर मारून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. लाकडाचा तुकडा, वर इन्सुलेशन टेप, तेलानं काळाकुट्ट झालेला. तो कामाला लागायच्या आधीपासूनची पाचर ती. एका हातानं पत्रा सरकवायचा, दुसऱ्यानं बटण दाबायचं, नग भराभर निघतात. तसल्या जुन्या प्रेसचा क्लच एकदा लागला की रॅम खाली जाऊन वर आल्याशिवाय थांबत नाही, मेन स्विच बंद केला तरी. सेकंड शिफ्टला त्याची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी मी जाब विचारायला गेलो, तर सुपरवायझर म्हणतो, "हात घाल म्हणून आम्ही सांगितलं होतं काय? सावकाश करायचं त्याच्या हातात होतं की." जॉन क्रेमर, म्हणजे जिगसॉ, तरी वेगळं काय बोलतो? पेशानं सिव्हिल इंजिनिअर, यंत्र स्वतः बांधतो, वेळ स्वतः लावतो आणि वर म्हणतो मी कुणाला मारलं नाही. रॅकमध्ये टिमोथीच्या हातात काय होतं, सांगा की. किल्ली बंदुकीच्या चापाला बांधलेली, ती काढायची जेफनं, ज्याचा मुलगा टिमोथीच्याच गाडीखाली गेलेला. जेफ किल्ली काढतो तेव्हा गोळी सुटते आणि मरतो तिथं उभा असलेला जज्ज. यात संधी कुणाला मिळाली? 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 21 सुद्धा यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घाला म्हणायचं. कामगारानं जपून राहावं, एवढ्यावर सोडून देत नव्हतं. यंत्र ज्यानं तसं ठेवलं, जबाबदार तोच. सिनेमातही आणि शॉपमध्येही.

पिक्चर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. 2004 चा पहिला भाग मला अजून आवडतो, त्यात रक्त कमी आणि डोकं जास्त आहे. तुम्ही नवीन असाल तर तिथूनच सुरू करा, तिसरा भाग जेवताना लावू नका, आणि घरात लहान पोरं असतील तर कुठलाच नको.

आणि तुम्ही किंवा घरचं कुणी प्रेसवर कामाला असेल, तर शिफ्ट सुरू करताना डाय रिकामा ठेवून, दुसरा हात लांब ठेवून एका वेळी एकच, अशी दोन्ही बटणं वेगवेगळी दाबून बघा. रॅम हलला तर त्या मशीनवर बसू नका. सुपरवायझर ओरडला तर ओरडू दे.