लोकलवर सगळं चालतं, सर्व्हरवर टाकलं की बंडल का मोडतं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: एएसपी डॉट नेट एमव्हीसी ५ (मायक्रोसॉफ्टचं वेब फ्रेमवर्क) मधलं जुनं ॲप्लिकेशन आहे. लेआउटमध्ये २२ स्क्रिप्ट टॅग होते, ते बंडलकॉन्फिगमध्ये (कुठल्या फाइली एकत्र करायच्या हे सांगणाऱ्या फाइलीत) घालून तुम्ही एकच बंडल, म्हणजे सगळ्यांची जोडलेली एकच फाइल, केलं. तुमच्या मशीनवर सगळं ठीक आणि सर्व्हरवर एकही बटण दाबलं जात नाही. आता हे सगळं सोडून सरळ व्हीट हे बंडलिंगचं वेगळं साधन आणावं का, असं विचारताय.

व्हीटचं नंतर बघू. आधी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली: तुमच्या मशीनवर ते बंडल चाललेलंच नाही. वेब.कॉन्फिगमध्ये कम्पायलेशनच्या टॅगवर डीबग ट्रू असेल, तर फ्रेमवर्क बंडलिंग आणि मिनिफिकेशन (कोड आवळून आकार कमी करणं) दोन्ही बंद ठेवतं आणि पानात गुपचूप २२ वेगळे टॅगच छापतं. व्ह्यू सोर्स करून बघा, दिसतील. रिलीजमध्ये पब्लिश करताना कॉन्फिगचा ट्रान्सफॉर्म (सर्व्हरसाठी वेब.कॉन्फिग बदलून देणारे नियम) तो डीबग काढून टाकतो. म्हणजे बंडल पहिल्यांदा धावतं ते थेट युजरसमोर.

म्हणून पहिलं काम हे करा. बंडलकॉन्फिगमधल्या रजिस्टरबंडल्स फंक्शनच्या शेवटी बंडलटेबल.एनेबलऑप्टिमायझेशन्स ट्रू अशी एक ओळ टाका. डीबग काहीही असलं तरी ही ओळ त्याच्यावर मात करते. आता तुमच्याच मशीनवर तीच मोडतोड दिसायला हवी. दिसली की अर्धं काम झालं.

आता सगळीच बटणं एकदम का मेली? टॅग वेगळे असतात तेव्हा प्रत्येक फाइल स्वतंत्र धावते. एका फाइलीत एरर आली तर तेवढीच फाइल थांबते, ब्राउझर पुढच्या टॅगकडे जातो. बंडलमध्ये सगळ्यांची मिळून एकच स्क्रिप्ट झालेली असते, त्यामुळे वरच्या पातळीवर एक एरर फुटली की तिच्या खालचं काहीच धावत नाही. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. एक जुनी फाइल प्रत्येक पानावर लोड व्हायची आणि एका तारखेच्या इनपुटची व्हॅल्यू वाचायची. ते इनपुट मात्र एकाच पानावर होतं. बाकी सगळ्या पानांवर कन्सोलमध्ये एक लाल ओळ यायची आणि ती कित्येक वर्षं सगळ्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की नवीन माणसालाही आम्ही ‘ती सोड’ म्हणून सांगायचो. बंडल केलं, ती फाइल पाचव्या नंबरला लागली आणि तिच्या मागचं सगळं बंद पडलं. दोन दिवस मी मिनिफायरला शिव्या घातल्या. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता.

तेव्हा कन्सोलमधली पहिली लाल ओळ बघा. शेवटची नको, पहिली.

तसं काही सापडलं नाही, तर माझा पुढचा संशय ‘यूज स्ट्रिक्ट’वर (जावास्क्रिप्टचे कडक नियम चालू करणाऱ्या ओळीवर) असेल. ही सूचना स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला असली की पूर्ण स्क्रिप्टला लागू होते. तुमच्या पहिल्याच फाइलीच्या डोक्यावर ती असेल, तर बंडलमधल्या बाकीच्या २१ फाइलीही न विचारता स्ट्रिक्ट मोडमध्ये जातात. मग जिथे कुणी व्हॅरिएबल जाहीर न करताच त्यात किंमत भरली असेल, तिथे रेफरन्स एरर येते. जुन्या कोडमध्ये अशा जागा खंडीभर सापडतात. उपाय सोपा आहे: ती सूचना फाइलीच्या डोक्यावरून काढून फंक्शनच्या आत न्या.

फाइल जोडताना सेमीकोलन सुटला म्हणून बंडल मोडतं, असं तुम्हाला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. हाताने फाइली चिकटवणाऱ्यांच्या बाबतीत ते खरं आहे. पण इथला स्क्रिप्टबंडल दोन फाइलींच्या मध्ये स्वतःच सेमीकोलन घालतो, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

बंडलचं नाव मात्र नक्की तपासा. ते नाव म्हणजे खोटा पत्ता असतो, डिस्कवर त्या जागी काही नसतं. पण त्याच पत्त्यावर खरंच एखादं फोल्डर असेल, तर आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर) बंडलकडे न जाता त्या फोल्डरकडे जातं आणि ४०३ (परवानगी नाही) देतं. डीबगमध्ये हा पत्ता वापरलाच जात नाही, त्यामुळे लोकलवर त्याचा पत्ताही लागत नाही (कोटी ठरवून केलेली नाही). नावाची सुरुवात बंडल्स या शब्दाने करा आणि त्या नावाचं फोल्डर बनवू नका, बस.

क्रमाचंही तसंच. वाइल्डकार्डने (नावांऐवजी * घालून) फाइली घेतल्या असतील तर जेक्वेरीसारख्या ओळखीच्या लायब्रऱ्या पुढे येतात आणि बाकीच्या अक्षरक्रमाने लागतात. तुमच्या फाइली एकमेकींवर अवलंबून असतील तर नावं एकेक करून हाताने लिहा.

आणि बंडलचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून वरच्या ओळी वाचा. यातला मिनिफायर ईएस ५ या जावास्क्रिप्टच्या जुन्या आवृत्तीच्या काळातला आहे. ॲरो फंक्शन किंवा बॅकटिकची स्ट्रिंग दिसली की तो हात वर करतो, ‘मिनिफिकेशन फेल्ड’ अशी कॉमेंट वर लिहितो आणि फाइली नुसत्या जोडून देतो. कोड त्याने मोडत नाही, फक्त आकार कमी होत नाही आणि कुणाला कळतही नाही. उलट मिनिफिकेशन यशस्वी झालं आणि तुम्ही जुनं अँग्युलर जेएस वापरत असाल, तर फंक्शनच्या पॅरामीटरची नावं बदलली जातात आणि नावावरून होणारं इंजेक्शन (पॅरामीटरचं नाव बघून हवी ती गोष्ट पुरवणं) तुटतं. तिथे नावं स्ट्रिंगच्या ॲरेत लिहून द्यावी लागतात.

आता व्हीट. आणा, पण आजची आग विझवायला नको. एक तर हाच सापळा तिथेही आहे: डेव्हलपमेंटमध्ये व्हीट तुमच्या फाइली जोडत नाही, ब्राउझरला एकेक मॉड्यूल (स्वतंत्र जावास्क्रिप्ट फाइल) देतं, आणि खरं बंडल बिल्ड कमांड दिल्यावरच तयार होतं. ते बिल्ड लोकलवर चालवून बघायची सवय नसेल, तर वर्षभराने तुम्ही हाच प्रश्न नव्या शब्दांत विचाराल.

दुसरं म्हणजे मॉड्यूलमध्ये गेलेली फंक्शनं ग्लोबल राहत नाहीत. सर्व्हरने छापलेल्या एचटीएमएलमध्ये ऑनक्लिकला थेट फंक्शनचं नाव लिहिलेलं असेल, तर ते सापडणारच नाही. तात्पुरतं ते ब्राउझरच्या ग्लोबल विंडो ऑब्जेक्टवर टांगता येतं. खरा उपाय म्हणजे ॲडइव्हेंटलिसनर. शिवाय मॉड्यूल टाइपची स्क्रिप्ट एचटीएमएल पूर्ण वाचून झाल्यावर धावते, पण पानाच्या मधल्या इनलाइन स्क्रिप्टा त्याआधीच धावून मोकळ्या होतात. व्ह्यूमध्ये जागोजागी डॉलरने (जेक्वेरीच्या छोट्या नावाने) सुरू होणाऱ्या ओळी असतील तर जेक्वेरी मॉड्यूलमध्ये हलवल्याक्षणी त्या सगळ्या पडतील. म्हणून जेक्वेरी सध्या जुन्या टॅगनेच राहू द्या आणि एकच पान निवडून त्याची एंट्री फाइल (जिथून बाकीच्या फाइली मागवल्या जातात ती) व्हीटकडे द्या.

सर्व्हरचं काम त्यानंतर फार थोडं उरतं. बिल्ड फाइलींच्या नावात हॅश (मजकुरावरून बनलेला छोटा कोड) घालतं आणि कुठल्या एंट्रीची कुठली फाइल झाली याची मॅनिफेस्ट नावाची जेसन यादी बनवतं (कॉन्फिगमध्ये ती चालू करावी लागते). तुम्ही एक छोटा हेल्पर लिहायचा: सुरुवातीला यादी वाचायची आणि एंट्रीच्या नावावरून टॅग छापायचा. व्हीट ५ पासून ही यादी टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरात जाते, पब्लिशमध्ये ती सोबत जातेय ना ते बघा. लॅराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) २०२२ पासून हेच करतं, फक्त त्यांना हेल्पर तयार मिळतो. रेल्सवाल्यांनी (रूबीचं फ्रेमवर्क) तर २०११ मध्ये स्वतःची ॲसेट पाइपलाइन, २०१९ मध्ये डीफॉल्ट म्हणून वेबपॅकर हा बंडलर आणि २०२१ च्या अखेरीस आलेल्या सातव्या आवृत्तीत बंडलरशिवाय इम्पोर्ट मॅप (कुठलं मॉड्यूल कुठे आहे हे ब्राउझरला सांगणारी यादी), असा प्रवास करून झालाय. सगळ्यांसाठी एकच बरोबर उत्तर असतं, तर दहा वर्षांत तीनदा बदलावं लागलं नसतं.

सगळं एकाच फाइलीत कोंबायचा हट्टही सोडा. एचटीटीपी १.१ वर ब्राउझर एका होस्टला साधारण ६ कनेक्शनं उघडतो, त्यामुळे तेव्हा २२ फाइली म्हणजे रांग लागायची. २०१५ मध्ये एचटीटीपी २ आलं आणि एकाच कनेक्शनवर अनेक फाइली बरोबरीने येऊ लागल्या. आज जास्त नुकसान कॅशचं होतं: एकच बंडल असेल तर तुमच्या कोडची एक ओळ बदलली तरी युजर जेक्वेरीसकट सगळं पुन्हा उतरवतो. लायब्रऱ्यांचं एक बंडल आणि तुमच्या कोडचं दुसरं, एवढं तर आजच्या बंडलकॉन्फिगमध्येही करता येईल.

व्हीटवर गेलात तर डिप्लॉय करताना जुन्या हॅशच्या फाइली लगेच पुसू नका. एखाद्याने सकाळी उघडलेलं पान दुपारी गरज पडेल तेव्हा जुन्या नावानेच एखादी फाइल मागतं, आणि ती नसेल तर त्याला ४०४ मिळतो.