एकटा माणूस ‘माफिया’ कसा?

प्रश्न असा आला आहे: “जगातल्या सगळ्यांत ताकदवान गुन्हेगारी संघटनांची तुलना करणारा एक लेख मराठीत आणतोय. माफिया, सिंडिकेट, कार्टेल, ट्रायड, याकुझा या सगळ्यांना मी ‘टोळी’ लिहिलं, तर मित्राने हरकत घेतली. बरोबर काय? आणि ‘माफिया’ म्हणजे संघटना की माणूस? आपल्याकडे तर ‘वाळूमाफियाला अटक’ असं सर्रास छापतात.”

मित्राची हरकत मला पटते, पण त्याने काय कारण दिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझं कारण सांगतो.

‘टोळी’ हा मुळात गुन्हेगारांचा शब्दच नाही. दिवाळी सरली की बीडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. टोळीला मुकादम असतो, मुकादमाने उचल दिलेली असते आणि टोळी मोजतात कोयत्यांत. नवरा-बायको मिळून एक कोयता. ‘वीस कोयत्यांची टोळी’ हे शब्द बीडच्या माणसाने ऐकले तर तो विचारेल, कोणत्या कारखान्यावर? पुण्याच्या माणसाला मात्र पोलीस आठवतील, कारण तिथे गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी ‘कोयता गँग’ घरोघरी पोचवली. इंग्रजीतली ‘गँग’सुद्धा कष्टकऱ्यांचीच, रेल्वेचा गँगमन आठवा. आपण वाटणी अशी केली की टोळी बरीचशी फडात राहिली आणि गँग चौकीत गेली.

टोळीचा स्वभावच असा की ती हंगामापुरती जमते आणि हंगाम सरला की पांगते. तुमच्या लेखातल्या संघटना पांगत नाहीत. जपानमधली यामागुची-गुमी ही याकुझा संघटना १९१५ साली कोबे बंदरात सुरू झाली. म्होरके गेले, तुरुंगात पडले, २०१५ मध्ये तिची फाळणी झाली, तरी नाव चालूच आहे. अशा गोष्टीला टोळी म्हणणं म्हणजे साखर कारखान्यालाच ऊसतोड टोळी म्हणण्यासारखं. म्हणून सगळ्यांसाठी मिळून एक शब्द हवा असेल तर ‘गुन्हेगारी संघटना’ बरा. ‘टोळी’ त्यांच्या पोटातल्या लहान गटांसाठी राखून ठेवा.

आता माफिया. इटलीतल्या सिसिली बेटाच्या बोलीत ‘माफिउसु’ म्हणजे ऐटबाज, छाती काढून चालणारा. आपण ज्याला ‘रुबाबदार’ही म्हणू आणि ‘मस्तवाल’ही. १८६३ साली सिसिलीतल्या पालेर्मो शहरात त्या बोलीतलं एक नाटक आलं. त्याच्या नावात ‘विकारिया तुरुंगातले माफिउसी’ असे शब्द होते. नाटक तुफान चाललं आणि दोनच वर्षांनी सरकारी कागदात ‘माफिया’ उमटला. त्याआधीची व्युत्पत्ती कुणालाच पक्की लावता आलेली नाही. ‘फ्रान्सचा नाश हीच इटलीची आस’ अशा अर्थाच्या इटालियन घोषणेची आद्याक्षरं जुळवून सिसिलीतल्या फ्रेंचांविरुद्धच्या १२८२ सालच्या बंडापर्यंत नेणारी कथा तुम्हाला कुठेतरी भेटेल. ती सोडून द्या, ती मागाहून रचलेली आहे. अरबी मूळ सुचवणाऱ्यांची मतंही अनेक आहेत. त्यातलं एक थेट आपल्या दारात येतं: अरबी ‘मुआफ’, म्हणजे सूट मिळालेला. आपलं ‘माफ’ आणि ‘माफी’ तिथूनच आले. हे मत सिद्ध झालेलं नाही, तेव्हा लेखात ठोकून देऊ नका. पण ‘माफियाला माफी नाही’ असं भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला कल्पना नसते की आपण कदाचित एकच शब्द दोनदा वापरतोय.

महत्त्वाचं पुढे आहे. १९८४ साली तोम्मासो बुशेत्ता हा सिसिलीचा बडा गुन्हेगार न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांच्यासमोर बोलायला लागला. आपल्याकडे त्याला ‘माफीचा साक्षीदार’ म्हटलं असतं. त्याने सांगितलं की ‘माफिया’ हा लेखक मंडळींचा शब्द; आम्ही तो वापरत नाही. आम्ही ‘अब्रूदार माणसं’, आणि संघटनेचं नाव ‘कोसा नोस्त्रा’, म्हणजे ‘आपलं काम’, ‘आपली गोष्ट’. त्याच्या जबानीवर उभ्या राहिलेल्या पालेर्मोच्या महाखटल्यात साडेचारशेहून जास्त आरोपी होते आणि १९८७ च्या डिसेंबरात तीनशेहून जास्त दोषी ठरले. २३ मे १९९२ रोजी फाल्कोने यांची गाडी ज्या रस्त्यावरून जात होती तो रस्ताच स्फोटाने उडवला गेला.

बुशेत्ताच्या त्या एका वाक्यात तुमच्या प्रश्नाची किल्ली आहे. या संघटनांची नावं भाषांतरित करताना आधी बघायचं की नाव ठेवलं कुणी, आतल्यांनी की बाहेरच्यांनी.

जपान घ्या. हानाफुदा पत्त्यांच्या एका जुगारात हातातल्या पानांची बेरीज करून फक्त एककाचा अंक धरतात. आठ, नऊ, तीन: बेरीज वीस, म्हणजे शून्य, म्हणजे बुडालात. या ‘या-कु-सा’वरून याकुझा. थोडक्यात ‘वाया गेलेला हात’, ‘फुकट गेलेला माणूस’. पोलीस हा शब्द वापरत नाहीत. ते म्हणतात ‘बोर्योकुदान’, म्हणजे हिंसक गट, आणि १९९२ साली अमलात आलेल्या कायद्यातही तेच नाव आहे. संघटना स्वतःला ‘निंक्यो दांताई’ म्हणवून घेतात. मराठीत जवळचं म्हणजे ‘दीनदुबळ्यांचे पाठीराखे’. एकाच मंडळींना तीन नावं, आणि कोणता शब्द तोंडी येतो त्यावरून बोलणारा कुठे उभा आहे ते कळतं. त्यांचा म्होरक्या ‘ओयाबुन’, हाताखालचे ‘कोबुन’. ‘ओया’ म्हणजे आईबाप, ‘को’ म्हणजे मूल. ताकद म्हणाल तर १९६३ च्या सुमारास त्यांची संख्या एक लाख ऐंशी हजारांच्या वर होती. आता ती वीस हजारांच्या आसपास आली आहे. तेव्हा जुन्या माहितीवरून यांना पहिल्या क्रमांकावर बसवू नका.

चिनी संघटनांसाठीचा ‘ट्रायड’ हा तर निव्वळ बाहेरचा शब्द. ‘सान-हे-हुइ’, म्हणजे तीन तत्त्वांच्या मेळाची मंडळी (आकाश, धरती, माणूस), आणि तिच्या खुणेतला त्रिकोण बघून ब्रिटिशांनी ते नाव पाडलं. हाँगकाँगच्या रस्त्यावर लोक ‘काळा समाज’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. त्यांच्या पदांना आकडे आहेत: ४८९ म्हणजे प्रमुख, ४२६ म्हणजे मारामारीवाला ‘तांबडा सोटा’, ४१५ म्हणजे हिशेब-सल्ला बघणारा ‘पांढरा कागदी पंखा’, आणि साधा शिपाई ४९. मराठी वाचकाला हे मुळीच अवघड जाऊ नये. आपण भारतीय दंड संहितेच्या एका कलमावरून ‘चारशेवीस’ हे विशेषण केलंच ना? १ जुलै २०२४ पासून ते कलम ३१८ (४) झालं. आता कुणाला ‘तीनशेअठरा कंसात चार’ म्हणून बघा.

‘कार्टेल’चा प्रवास सगळ्यांत मजेदार. मूळ लॅटिन ‘कार्ता’, कागद. आधी द्वंद्वाचं लेखी आव्हान, मग लढणाऱ्या राज्यांमधला कैदी बदलण्याचा करार, मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन कारखानदारांनी आपसांत भाव बांधून घेण्याचा करार, आणि १९८० च्या दशकात कोलंबियातल्या मेदेयीन शहराचे कोकेनवाले. ज्यांनी कधी कागदावर सही केली नाही त्यांना कागदाचं नाव. याच ‘कार्ता’च्या घरातली कागदाची गुंडाळी पोर्तुगीजांच्या वाटेने मराठीत आली ती ‘काडतूस’ होऊन, म्हणजे कार्टेल आणि काडतूस चुलत भावंडं. तुमच्या लेखात मेक्सिकोतलं सिनालोआ आलं असेल तर कार्टेल हाच शब्द ठेवा, मराठी वाचकाला तो ठाऊक आहे. फक्त त्याच मजकुरात तेल उत्पादक देशांचा उल्लेख असेल तर जपून. अर्थशास्त्रातलं कार्टेल म्हणजे आपसांत भाव बांधून घेणारी एकी, तिथे खून लागत नाहीत.

‘सिंडिकेट’ शक्यतो टाळा. सत्तरी उलटलेल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे १९६९ साली इंदिरा गांधींशी भिडलेला काँग्रेसमधला ‘सिंडिकेट’ गट आणि त्यातले स. का. पाटील येतील.

आता ज्यांना आज बहुतेक जाणकार युरोपात सर्वांत वजनदार मानतात त्यांच्याकडे येऊ, कारण त्यांचं नाव मराठीत फारसं येतच नाही: दक्षिण इटलीतल्या कालाब्रियाची ‘न्द्रांगेता’. कालाब्रियात जुन्या ग्रीक बोली टिकून होत्या. हे नाव ग्रीक ‘अँद्रागाथिया’वरून आलं असं मानतात: मर्दुमकी, भल्या पुरुषाचा पराक्रम. त्यातला ‘अँद्र’ आणि संस्कृतातला ‘नृ’, ‘नर’ सख्खे. म्हणजे ध्वनीला घाबरायचं कारण नाही, आत आपलाच नर बसलाय. दक्षिण अमेरिकेतून युरोपात येणाऱ्या कोकेनच्या धंद्यात यांचा हात मोठा. त्यांचं बळ रक्ताच्या नात्यात आहे. प्रत्येक गट म्हणजे एक घराणं, सोयरीकही आपसांत. भाऊ भावाविरुद्ध आणि जावई सासऱ्याविरुद्ध साक्ष देत नाही, म्हणून इथे बुशेत्ता फार निघाले नाहीत. तरी २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच खटल्यात २०७ जणांना शिक्षा झाल्या. इटलीच्या १९८२ च्या माफियाविरोधी कलमात हे नाव नव्हतं. ते थेट २०१० साली घातलं गेलं. तोवर बाहेरचे सगळे सिसिलीकडेच बघत होते.

रशियाच्या ‘वोर व ज़ाकोने’चं शब्दशः भाषांतर ‘कायद्यातला चोर’ असं होतं आणि वाचक गोंधळतो. कायदा सरकारचा नव्हे, चोरांचा: नोकरी करायची नाही, सरकारला मदत करायची नाही. ‘नेमाने चालणारा चोर’ म्हणा. त्यांच्या टोळक्याला ‘ब्रात्वा’ म्हणतात, ‘ब्रात’ म्हणजे भाऊ, संस्कृत ‘भ्रातृ’चा सगा. मुंबईचा ‘भाई’ही त्याच ‘भ्रातृ’चा वंशज! हाँगकाँगला म्होरक्या ‘दाय लो’, थोरला भाऊ. आपला ‘दादा’ त्याच अर्थाचा. आणि भायखळ्याच्या दगडी चाळीतला अरुण गवळी ‘डॅडी’, म्हणजे जपानी ओयाबुनच्या रांगेत. आतल्या माणसांना शब्द लागतात ते घरातले. ‘टोळी’ त्यांना ऐकवत नाही.

तुमच्या लेखात एक चौकट टाकायची असेल तर ती या सगळ्यांच्या वसुलीच्या शब्दांची टाका, क्रमवारीपेक्षा ती जास्त वाचली जाईल. सिसिलीत ‘पिझ्झो’, म्हणजे चोच. दुकानदाराने ‘चोच ओली करू द्यायची’. आपण ‘हात ओले करतो’, ते चोच. रशियात ‘क्रिशा’, म्हणजे छप्पर: पैसे द्या, आमच्या छपराखाली या. मेक्सिकोत ‘देरेचो दे पिसो’, जमिनीवर उभं राहण्याचा हक्क. आणि मुंबईत ‘हप्ता’, मूळ अर्थ आठवडा: फारसी ‘हफ्त’ म्हणजे सात, आपल्या ‘सप्त’चा भाऊ. इतर ठिकाणी चोच, छप्पर, जमीन अशी प्रतिमा आहे. आपल्याकडे सरळ वसुलीचं वेळापत्रक. वाण्याच्या उधारीच्या वहीतला शब्द तसाच उचलला. ‘सुपारी’ही अशीच. तमाशाचा फड सुपारी घेतो, बँडवाला सुपारी घेतो, म्हणजे ठरलेल्या कामाचा विसार घेतो. शूटरनेही तेच केलं.

शेवटी तुमचा वाळूमाफिया. इटालियनमध्ये ‘माफिया’ ही संघटना, स्त्रीलिंगी, माणूस ‘माफिओसो’. मराठीत तो सरळ पुल्लिंगी माणूस झाला. माझा अंदाज असा की हे शेवटच्या ‘या’मुळे झालं. घरफोड्या, आगलाव्या, काडीलाव्या: ‘या’ने संपणारा आणि काहीतरी उपद्रव करणारा, असा साचा कानात तयारच होता, माफिया त्यात चपखल बसला. एका दैनिकात उपसंपादक असताना मी ‘वाळूमाफियाला अटक’ हे शीर्षक दिलं, तेव्हा आमच्या मुख्य उपसंपादकांनी विचारलं होतं, “एकाला? मग बाकीचा माफिया कुठाय?” मी गप्प बसलो आणि ‘वाळूतस्कर’ केलं. आज मी गप्प बसलो नसतो. भाषेने माणूस केलाय, तो आता माणूसच.

मात्र अर्थ तपासा. इटलीच्या त्या कलमात तीन किंवा जास्त माणसं, संघटनेच्या दहशतीचा वापर, आणि त्यातून आलेली लोकांची मुकाट शरणागती अशा अटी आहेत. आपल्या १९९९ च्या ‘मोक्का’ला दोन माणसंही पुरतात, दरोड्याला पाच लागतात. नदीपात्रात रात्री हायवा डंपर उभे, ब्रासचा भाव ठरलेला, तलाठ्याच्या अंगावर गाडी घातली जाते आणि गावात कुणीच काही पाहिलेलं नसतं: तिथे ‘माफिया’ शब्द सिसिलीच्या मापानेही बसतो. ‘शिक्षणमाफिया’ बसत नाही. जादा फी घेणारा संस्थाचालक नफेखोर आहे, फार तर लुटारू. आणि एखाद्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी संगनमत करून कांद्याचा भाव पाडला तर त्यांना ‘कांदामाफिया’ म्हणू नका. तिथे ‘कार्टेल’ हा शब्द जर्मन कारखानदारांच्या अर्थाने अगदी बरोबर आहे.