रॅम राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न: अशोक चौकात घरूनच दहा-बारा टॉवेल कारखान्यांची बिलं आणि जीएसटी रिटर्न करते. कॉम्प्युटरला विंडोज 7 आणि 4 जीबी रॅम आहे, रिटर्नच्या तारखेला हमखास अडकतो. दुकानदार 4,800 रुपयांत 16 जीबी करून देतो म्हणतो. क्रेडिट कार्डावर घेऊ का? कार्डावर आधीच 36,000 आहेत. बँकेतल्या सरांनी 'एफडीसारखीच' म्हणून दिलेल्या पॉलिसीचा पहिला हप्ता त्यावरच भरला. वर्षाला 36,000 असे वीस वर्षं भरायचे, शेवटी बारा लाख तरी मिळतील म्हणे. सध्या किमान रक्कम 1,800 भरणार आहे. बॉण्ड, म्हणजे पॉलिसीचा कागद, 18 दिवसांपूर्वी आला.

उत्तर: ताई, रॅमचं आधी उरकू. 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. 32 बिट लिहिलं असेल तर 16 जीबी घालून उपयोग शून्य. ते विंडोज 4 जीबीच्या पुढे जात नाही, आणि त्यातलेही साधारण सव्वातीन-साडेतीनच कामाला येतात. 64 बिट असून विंडोजची 'होम बेसिक' आवृत्ती असेल, तरी गाडी 8 वर थांबते. दुकानदाराने हे विचारलं होतं का? शिवाय विंडोज 7 चे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 लाच बंद झाले, आणि तुमच्याकडे तर बारा जणांचे पासवर्ड. त्या डब्यात पैसे घालू नका.

आता न विचारलेलं. बॉण्ड हाती आल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते, यालाच 'फ्री लूक' म्हणतात. तुमचं पत्र वाचेपर्यंत 21 झाले. उरले नऊ.

एफडीसारखी म्हणे! वर्षाला 36,000, वीस वर्षं, म्हणजे 7 लाख 20 हजार भरायचे. शेवटी 'बारा लाख तरी' मिळतील, असं तुम्ही लिहिलंय. मिळाले असं धरलं तरी परतावा पाच टक्क्यांच्या आतच. विमा किती, तर 3 लाख 60 हजार. दोन मुलं शिकतायत, त्यांची फी तरी निघेल का त्यात?

आणि हप्ता कार्डावर! महिना साडेतीन टक्के व्याज, वर जीएसटी, म्हणजे दरमहा दीड हजाराच्या आसपास. 1,800 भरलेत तर मुद्दल जेमतेम तीनशेनं हलेल. बाकी थकलेली असताना त्याच कार्डावर रॅम घेतलीत, तर तिलाही पहिल्या दिवसापासून व्याज.

तेव्हा उद्याच विमा कंपनीला लेखी अर्ज द्या, 'फ्री लूकमध्ये रद्द करावी' असं स्पष्ट लिहून. सोबत बॉण्ड आणि रद्द केलेला चेक. बँकेतले सर 'एक वर्ष तरी थांबा' म्हणतील. ऐकू नका, त्यांचं कमिशन गेलेलं असतं. तारीख-शिक्क्याची पोच घ्या. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे पैसे कापून बाकी परत येतील. ते आले की थेट कार्डाच्या बाकीत भरा.

हप्त्यासाठी महिना 3,000 बाजूला काढणारच होतात. त्यातून आधी साधा टर्म विमा (मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या, उरेल ते साठवून वर्षभरात नवीन कॉम्प्युटर. तोवर रिटर्न शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी भरा.