माशांच्या चार फुटी टँकला खाली संप (फिल्टरची टाकी) जोडायचाय, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. पाणी बाहेर सांडू नये म्हणून कोणता पंप आणि किती इंची पाइप घेऊ?

पंपाचं शेवटी सांगतो. पंप चालू असताना सहसा कुणाचा टँक सांडत नाही. लाईट गेल्यावर सांडतो, नाहीतर परत आल्यावर. आणि कोल्हापुरात जुलैमध्ये लाईट जाणार हे काय तुम्हाला सांगायला नको.

माझाही टँक चार फुटीच, ४ बाय दीड बाय दीड. खाली २ बाय १ बाय १ चा संप. टँकमधलं पाणी पाइपनं त्यात उतरतं, पंप ते परत वर ढकलतो. (संप म्हटलं की आईला अजून एसटीचाच आठवतो.) सगळं फिटिंग आमच्या दाजींनी केलं. दाजी उद्यमनगरात लेथवर असतात, हात एकदम पक्का. मागच्या काचेला पाणी सोडत सोडत भोक पाडून टँक निपल (काचेतनं पाइप काढायचा जोड) बसवला, तिथनं आजतागायत थेंब गळालेला नाही. ते श्रेय त्यांचंच.

भांडण झालं ते रिटर्नच्या, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणाऱ्या पाइपवरनं. मी म्हटलं, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपला एक बारीक भोक मारूया. लाईट गेली आणि पाणी उलटं खाली यायला लागलं, की पातळी जरा उतरताच भोक उघडं पडतंय, हवा शिरते, सायफन, म्हणजे पाण्याची ती खाली ओढ, तुटतो. दाजी म्हणाले, "चांगल्या पाइपला भोक? बघणारा हसंल की. नॉन रिटर्न व्हॉल्व बसवलाय, पाण्याचा बाप खाली येत नाही." वर नोझल, म्हणजे त्या पाइपचं टँकमधलं तोंड, चार इंच खोल सोडलं, तळातली घाण हलते म्हणून. ताईसमोर जास्त काय बोलणार? गप्प बसलो.

पुढच्या पावसाळ्यात एकदा रात्री दीड-दोनला दार वाजलं. खालच्या काकू, हातात मोबाईलची बॅटरी. "अरे, आमच्या पंख्यातनं पाणी गळतंय." बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली. मला काय, सगळ्यांनाच वाटलं गच्ची गळतीय. हॉलमध्ये पाय ओले झाले तर म्हटलं गॅलरीतनं झड आली असंल. मी टॉर्च घेऊन गच्चीवर, पावसात, पन्हाळीत हात घालून पानं काढतोय! वीसेक मिनिटं तोच उद्योग. खाली येऊन पाय पुसताना पायाला एक काळी गोगलगाय चिकटलेली दिसली, ती आमच्या टँकमधली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सकाळी व्हॉल्व खोलला. आतल्या झडपेत दुसरी एक गोगलगाय, हरभऱ्याच्या डाळीएवढी, आडवी अडकलेली. झडप तेवढीच उघडी राहिली होती, आणि तेवढी पुरली.

आता हिशोब बघा. ४ बाय दीडच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे १४ लिटर. नोझल चार इंच खोल, म्हणजे ते उघडं पडेपर्यंत ५६ लिटर खाली येणार. माझा संप काठोकाठ भरला तरी ५६ लिटरचा, आणि त्यात आधीच सात इंच पाणी होतं. म्हणजे ३० लिटरच्या वर पाणी लादीवर, तिथनं काकूंच्या पंख्यात. काकूंचा पंखा मी भरून दिला. दाजी मात्र आजही म्हणतात, व्हॉल्व चांगलाच होता, गोगलगाय आडवी आली. अहो, मग व्हॉल्व कशासाठी असतो?

म्हणून तुम्ही संपाचं माप असं ठरवा: पंप बंद केल्यावर वरनं जेवढं उतरेल तेवढं मावलं पाहिजे, शिवाय चार बोटं मोकळी. सगळं जोडून झालं की स्वतः उभं राहून प्लग काढा आणि बघा. मग परत लावा. असं पाच-सहा वेळा. दुकानदार "काय होत नाही ओ" म्हणतोय म्हणून सोडू नका, त्याचा फ्लॅट वेगळा आहे.

टँकचं पाणी संपात उतरवायला काचेला भोक न पाडता काठावर लटकवायचा ओव्हरफ्लो बॉक्स मिळतो, तो घेऊच नका. लाईट परत आली आणि त्याच्या वाकड्या नळीत हवा अडकलेली असली, तर पाणी खाली येत नाही, पंप मात्र वर ढकलतच राहतो. घेतलाच असेल तर संपातला पंपाचा कप्पा एवढा लहान ठेवा, की तो रिकामा झाला तरी वरचा टँक भरून सांडणार नाही.

उतरत्या पाइपा दोन. एक रोजची, दुसरी तोंड थोडं वर ठेवून कोरडी. पहिलीत पान अडकलं तर दुसरी कामाला येते. त्या दुसरीला व्हॉल्व लावायचा नाही म्हणजे नाही.

हां, पंप. तुमचा टँक माझ्याच मापाचा असेल तर पाणी साधारण २५० लिटर. डब्यावर ताशी २००० लिटर लिहिलेला बास झाला. चार फूट चढवताना तेवढं येत नाहीच. रिटर्न पाऊण इंच, उतरती सव्वा इंच. उतरती कायम रिटर्नपेक्षा मोठी. एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या आत ठेवू नका, आणि वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरनं ओघळणारं पाणी झोळातनंच खाली पडतं.

दोन गोष्टी राहिल्या. काच टफन्ड असेल तर भोक पाडायला जाऊ नका, अख्खी काच चुरा होते. आधी विचारून घ्या. आणि हे सगळं भरल्यावर ३०० किलोच्या वर जातं, तेव्हा हॉलच्या मधोमध न ठेवता बीमच्या भिंतीला लावून ठेवा.

पाइपचं ते भोक शेवाळानं बुजतं, हेही खरं. दाजींनी ते शोधून काढलंच, आणि मागच्या दिवाळीत सगळ्यांसमोर सांगितलं. महिन्यातनं एकदा टूथपिक फिरवतो मी. पण आता नोझलच पाण्याखाली फक्त एक इंच ठेवलंय, भोक बुजलं तरी १४ लिटरच उतरतात, आणि तेवढे संपात मावतात. दाजींच्या टँकमध्ये नोझल अजून चार इंच खोल आहे. त्यांचं घर तळमजल्यावर आहे म्हणा.