स्विच बदलू नका, आधी ट्रंकची यादी बघा

कळंगुटच्या हॉटेलमधल्या सदस्यांनी या गटावर लिहिलेला प्रकार थोडक्यात असा. कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ४० (त्याच नेटवर्कमधला क्रमांक दिलेला वेगळा विभाग) बनवला आणि मुख्य स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणाऱ्या यंत्रावर, मागच्या इमारतीकडे जाणाऱ्या फायबर पोर्टवर तो टाकला. त्याच क्षणी मागचं बिलिंग, खोल्यांचे फोन आणि पाहुण्यांचं वायफाय बंद झालं. मुख्य स्विच बंद करून चालू केला तेव्हा सगळं परत आलं, कॅमेरे मात्र आले नाहीत. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. देखभाल कंत्राटदार म्हणतो, मागचा स्विच गेला, नवीन घ्या.

घेऊ नका. मागच्या स्विचला हातही न लावता, नुसता पुढचा, म्हणजे मुख्य, स्विच बंद-चालू करून जर मागची इमारत सुरू होत असेल, तर मागच्या स्विचमध्ये बिघाड कसा असेल? लक्षणं सगळी एका सुटलेल्या शब्दाकडे बोट दाखवतात. तुमचा स्विच मी पाहिलेला नाही, पण तो सिस्को कंपनीचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून त्याच भाषेत सांगतो.

ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणारा दुवा; त्यावरून कोणते व्हीलॅन जातील याची यादी पोर्टवर असते. तुम्ही बहुतेक ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’ असं टाइप केलंत. ही कमांड यादीत भर घालत नाही, सगळी यादी पुसून नवी लिहिते. आधी त्या पोर्टवर १०, २०, ३०, ९९ असे व्हीलॅन होते, आता फक्त ४० उरला. भर घालायची असेल तर ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ४०’. स्विच काही विचारत नाही, इशारा देत नाही. मॅनेजमेंटचा (स्विचवर दुरून पोचण्याचा) व्हीलॅन ९९ सुद्धा त्याच ट्रंकवरून जात असेल तर मागच्या स्विचचा पिंगही (तो उत्तर देतो का बघायची चाचणी) बंद होतो आणि माणसाला वाटतं, स्विच मेला.

बंद-चालू केल्यावर सगळं परत येतं, कारण बदल फक्त रनिंग कॉन्फिगमध्ये, म्हणजे स्विचच्या चालू सेटिंगमध्ये होता, सेव्ह केलेला नव्हता. इथे एक गोष्ट फसवते. ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ या व्हीलॅनची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये व्हीलॅन ४० रीस्टार्टनंतरही दिसत राहतो. व्हीटीपी (व्हीलॅनची यादी स्विचमध्ये वाटणारी सिस्कोची पद्धत) सर्व्हर मोडमध्ये असताना व्हीलॅनची नोंद फ्लॅशमधल्या वेगळ्या फाइलमध्ये लगेच लिहिली जाते, सेव्ह करा वा न करा. पोर्टचा बदल मात्र उडतो. त्यामुळे ‘व्हीलॅन तर आहे, मग कॅमेरे का नाहीत’ या प्रश्नात लोक दिवस घालवतात.

चुकीचा बदल झाल्यावर कोणी घाईत सेव्ह केलं तर बंद-चालू करूनही काही परत येणार नाही. तेव्हा नवा स्विच लावला तरी उपयोग शून्य, कारण चुकलेली यादी दुसऱ्याच टोकाला, मुख्य स्विचवर बसलेली असते. आम्हाला नेमकं हेच सर्वांत महाग पडलं. ज्या कार्यालयाकडे देखभाल होती त्यांनी आधी स्विच बदलायला लावला, मग तोही ‘खराब’ ठरवला. कॉन्फिगची प्रत मागितली तर ती त्यांच्याकडे नव्हती, आणि पासवर्ड द्यायला ते तयार नव्हते. फोनवर दर वेळी एकच उत्तर: माणूस पाठवतो. म्हणून माझं मत ठाम आहे. देखभालीच्या करारात प्रत्येक बदलानंतर कॉन्फिगची मजकूर फाइल तुमच्या हाती देणं आणि अ‍ॅडमिन पासवर्ड बंद पाकिटात तुमच्याकडे ठेवणं ही दोन कलमं नसतील, तर सही करू नका. पैसे तुमचे, स्विच तुमचा, मग किल्ली दुसऱ्याकडे का?

आता दुरुस्ती. दोन्ही स्विचवर ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ चालवा. चार भाग येतात. पहिल्यात ट्रंक चालू आहे का आणि नेटिव्ह व्हीलॅन (क्रमांकाची खूण न लावता जाणारा) कोणता. दुसऱ्यात परवानगी असलेले व्हीलॅन, तिसऱ्यात त्यातले त्या स्विचवर प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले, चौथ्यात स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ नये म्हणून जादा वाटा अडवणारी यंत्रणा) जे पुढे सोडतंय ते. ४० दुसऱ्या भागात आहे पण तिसऱ्यात नाही, याचा अर्थ त्या स्विचवर व्हीलॅन बनवलेलाच नाही. तिसऱ्यात आहे, चौथ्यात नाही, तर स्पॅनिंग ट्री किंवा प्रूनिंग (गरज नसलेले व्हीलॅन ट्रंकवरून आपोआप वगळणं) बघा. नेटिव्ह व्हीलॅन आणि परवानगीची यादी दोन्ही टोकांना जुळली पाहिजे.

सुरुवात मागच्या, म्हणजे दूरच्या स्विचपासून करा. आधी चालू स्थिती ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ने सेव्ह करा. मग ‘रीलोड इन १०’ द्या. आता तुमची चूक झाली आणि संपर्क तुटला तरी दहा मिनिटांनी तो स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येईल. मग व्हीलॅन ४० बनवा, अपलिंकवर (मुख्य स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर) अ‍ॅडसकट कमांड द्या, ट्रंक तपासा, बिलिंग आणि एक फोन चालतोय का बघा. ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच सेव्ह. कॅन्सल विसरलात तर भर जेवणाच्या वेळी मागची इमारत काही मिनिटं बंद होईल, स्विचवरून वीज घेणारे फोनही जातील. मुख्य स्विचवर टायमर लावू नका, तिथे कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) लावून समोर बसा. कन्सोलचा वेग सहसा ९६०० बॉड असतो. ही केबल रॅकमध्येच टांगून ठेवा, कोणाच्या बॅगेत नको.

यादी आधीच पुसली गेली असेल तर पूर्ण यादी एकदम लिहा: १०,२०,३०,४०,९९. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका, कमांड नाकारली जाते. यादी लांब असली की रनिंग कॉन्फिगमध्ये ती दोन ओळींत छापली जाते आणि दुसऱ्या ओळीत स्विच स्वतःच अ‍ॅड लिहितो. कॉपी करताना दोन्ही ओळी घ्या. दोन फायबर एकत्र करून पोर्ट-चॅनल केलं असेल तर बदल पोर्ट-चॅनलवर करा. एकाच सदस्य पोर्टवर केलात तर जुळत नाही म्हणून तो गटातून निलंबित होतो.

ज्युनिपर या दुसऱ्या कंपनीचे स्विच वापरणाऱ्यांना हा त्रास कमी, कारण तिथे ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि ठरल्या वेळेत पुन्हा कमिट केलं नाही की बदल आपोआप मागे जातो. ही सोय प्रत्येक स्विचमध्ये असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

कॅमेऱ्यांबद्दल एक. तुम्ही सोळा कॅमेरे म्हणालात. कॅमेऱ्याने आपला वर्ग (किती वीज लागते ते) नीट कळवला नाही तर स्विच प्रत्येकासाठी १५.४ वॅट राखून ठेवतो. स्विचचं पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याचं) बजेट १९५ वॅट असेल तर बारा कॅमेरे १८४.८ वर बसतात, तेराव्याला वीज मिळत नाही. ‘शो पॉवर इनलाइन’ बघा, नाहीतर व्हीलॅन बरोबर असूनही चार कॅमेरे काळेच राहतील आणि परत स्विचवर संशय जाईल.

दोन इमारतींमध्ये फायबर घातलीत हे उत्तम केलंत. आपल्याकडे जूनच्या गडगडाटात इमारतींमधली तांब्याची केबल दोन्ही टोकांचे पोर्ट एकाच वेळी जाळू शकते. आणि चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी असला बदल करू नका. काही अडलं तर त्या चार-पाच दिवसांत कोणी येणार नाही.

दोन्ही टोकांचं ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ इथे टाका, बघून सांगतो. पूर्ण कॉन्फिग टाकणार असाल तर पासवर्डच्या ओळी काढून टाका. त्यात सात हा आकडा आणि पुढे अक्षरांचा गोंधळ दिसतो, ते खरं कुलूप नाही, कोणीही क्षणात उलगडू शकतो.