सूर्यमालेतल्या ग्रहांबद्दल आकार आणि अंतर सोडून काही वेगळं सांगाल का?

आकार आणि अंतरं तुम्ही आधीच बाजूला ठेवलीत ते बरं झालं. ते आकडे कितीही वाचले तरी डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. कुठल्याही ग्रहाबद्दल मला पहिल्यांदा प्रश्न पडतो तो असा: तिथे उभं राहिलं तर दिवस कसा जाईल? सूर्य कुठून उगवेल, मावळायला किती वेळ घेईल? त्याच अंगाने सांगतो.

सुरुवात बुधापासून, कारण या बाबतीत त्याच्यासारखा दुसरा ग्रह नाही. तो सूर्याभोवती पृथ्वीच्या ८८ दिवसांत एक फेरी मारतो आणि स्वतःभोवतीची एक गिरकी साधारण ५९ दिवसांत घेतो. म्हणजे दोन फेऱ्यांमध्ये बरोबर तीन गिरक्या. याचा हिशेब मांडला की कळतं, तिथे एका सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस जातात. बुधाची पुरी दोन वर्षं! त्यात त्याची कक्षा चांगलीच लंबगोल आहे. सूर्यापासूनचं अंतर ४ कोटी ६० लाख किलोमीटरपासून जवळपास ७ कोटींपर्यंत बदलत राहतं. सूर्याच्या सगळ्यात जवळ आला की त्याचा कक्षेतला वेग इतका वाढतो, की गिरकीचा वेग त्याला पुरा पडत नाही. तेव्हा तिथल्या आकाशात सूर्य थांबतो, काही दिवस मागे सरकतो, पुन्हा थांबतो आणि मग नेहमीच्या दिशेला लागतो. काही ठिकाणी तर तो उगवतो, लगेच परत मावळतो आणि मग दुसऱ्यांदा उगवतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसेना. टेबलावर दिवा ठेवला आणि हातात चेंडू घेऊन त्याच्याभोवती फिरून पाहिलं, तेव्हा कुठे पटलं.

१९६५ पर्यंत खगोलशास्त्रज्ञ असं धरून चालले होते, की बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे असते. त्याच्या निरीक्षणाला सोयीचे दिवस असे येत, की बहुतेक वेळा तोच भाग समोर दिसायचा. पुएर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने रडारच्या लहरी बुधावर सोडून परत टिपल्या तेव्हा तो समज मोडला.

आणि त्याच बुधावर सूर्य कधीच न पोहोचणाऱ्या जागाही आहेत. त्याचा अक्ष जवळजवळ ताठ उभा आहे, त्यामुळे ध्रुवांजवळच्या खोल विवरांच्या तळाशी ऊन पडतच नाही. दुपारी विषुववृत्तावर ४३० अंश सेल्सिअसपर्यंत तापणाऱ्या या ग्रहावर त्या विवरांमध्ये पाण्याचा बर्फ साठलेला आहे. २०१२ मध्ये मेसेंजर यानाच्या निरीक्षणांनी त्याला भक्कम पुष्टी दिली.

शुक्रावर सूर्य खरोखरच पश्चिमेला उगवतो, कारण तो ग्रह उलट्या दिशेने फिरतो, आणि तेही अतिशय सावकाश. त्याची एक गिरकी २४३ दिवसांची, तर वर्ष २२५ दिवसांचं. पण जमिनीवरून हा सूर्योदय कुणाला दिसणार नाही, वर गंधकाम्लाच्या ढगांचं जाड छत आहे. खाली पोहोचतो तो फक्त नारिंगी उजेड, सुमारे ४६५ अंश उष्णता आणि आपल्या नव्वदपटीहून अधिक हवेचा दाब. सोव्हिएत संघाचं व्हेनेरा १३ हे यान १९८२ मध्ये तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं टिकलं. तेवढ्या वेळात त्याने रंगीत छायाचित्रं पाठवली. संध्याकाळी शुक्राची चांदणी दिसली की मला ती छायाचित्रं आठवतात.

मंगळाचा दिवस आपल्याला सगळ्यात ओळखीचा वाटेल: २४ तास ३९ मिनिटं. पण वरच्या त्या ३९ मिनिटांनी माणसांची झोप उडवली आहे. रोव्हर, म्हणजे तिथे फिरणारी यंत्रगाडी, उतरल्यावर सुरुवातीचे महिने इथले शास्त्रज्ञ मंगळाच्या वेळेप्रमाणे काम करतात, म्हणजे कामाची वेळ रोज सुमारे ४० मिनिटं पुढे सरकते आणि काही आठवड्यांत दिवसाची रात्र होते. तिथला सूर्यास्त मात्र अनोळखी आहे. आपलं आकाश दिवसा निळं आणि संध्याकाळी तांबूस असतं. मंगळावर दिवसभर आकाश पिवळट-तांबूस, आणि मावळत्या सूर्याभोवती निळसर प्रभा. हवेतली बारीक धूळ निळा प्रकाश पुढच्या दिशेने जास्त जाऊ देते, त्यामुळे असं होतं.

गुरूवर उभं राहायला जमीनच नाही, त्यामुळे एवढंच सांगतो: तो दहा तासांच्या आत गिरकी घेतो, आणि त्या वेगाने मध्यभागी इतका फुगलाय, की आडवा व्यास उभ्या व्यासापेक्षा ९,००० किलोमीटरहून जास्त आहे.

शनीचा दिवस किती लांब, हे २०१९ पर्यंत नक्की सांगता येत नव्हतं. ढग वेगवेगळ्या वेगाने फिरतात, आणि चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षाशी इतका तंतोतंत जुळतो, की त्यावरूनही वेळ मोजता येईना. उत्तर शेवटी कड्यांमध्ये सापडलं. शनीच्या पोटातली कंपनं कड्यांमध्ये तरंग उठवतात. कॅसिनी यानाने टिपलेल्या त्या तरंगांवरून दिवस निघाला १० तास ३३ मिनिटं ३८ सेकंदांचा. कड्यांकडे आपण शोभेची वस्तू म्हणून पाहत होतो, आणि ग्रहाच्या आतली हालचाल त्यांच्यावर उमटत होती. मला ग्रहांविषयीच्या अलीकडच्या शोधांपैकी हा सर्वांत सुंदर वाटतो.

युरेनस जवळपास आडवा पडून सूर्याभोवती फिरतो, म्हणून त्याच्या ध्रुवांवर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं अंधार. एखाद्याचं अर्धं आयुष्य रात्रीतच जाईल.

राहिला नेपच्यून. त्याचं एक वर्ष आपल्या जवळपास १६५ वर्षांचं. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या आकडेमोडीवरून १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत तो सापडला, आणि तेव्हापासूनची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पूर्ण झाली. खरं तर गॅलिलिओने त्याला कितीतरी आधी पाहिलं होतं. डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये गुरूचे चंद्र टिपताना शेजारचा एक मंद ठिपका त्याने तारा म्हणून वहीत काढला. जानेवारीत त्याला तो तारा किंचित हलल्यासारखाही वाटला, आणि त्याने तशी नोंद केली. पुढच्या नोंदी पुन्हा गुरूच्या चंद्रांच्याच आहेत.